लेपाची आतली बाजू

‘शाफ्टवरील लेप सुटण्याचे कारण, नवीन कारागिराच्या हाताला वळण नसणे, हे होय.’

कारखान्याच्या मालकांनी शाफ्ट दुरुस्तीला देणाऱ्या पंपघराला पाठवलेला हा खुलासा. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात निर्दोष म्हणावे असे दुसरे काहीही नाही. पंपाच्या झिजलेल्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, धातूचा लेप चढवताना हाताला वळण लागत नाही, कारण लेप फवारणारी गन हातात नसतेच. ती लेथच्या सरकत्या बैठकीवर घट्ट आवळलेली असते. शाफ्ट संथ फिरतो, बैठक आपल्या चालीने सरकते, गनच्या तोंडाशी दोन तारा एकमेकींना भिडून वितळतात, आणि हवेचा झोत तो रस बारीक थेंबांनी शाफ्टवर मारतो. हे थेंब चिकटत नाहीत, रुततात. म्हणून आधी शाफ्टच्या अंगावर कठीण खड्यांचा मारा करून ते खरखरीत करायचे, याला ब्लास्टिंग म्हणतात, आणि मग लेप चढेपर्यंत त्या अंगाला कोणी बोटही लावायचे नाही. तेलाचा पुसटसा डागदेखील थेंबांची पकड सोडवतो. म्हणजे या कामात हाताचे कर्तव्य एकच, लांब राहणे. जिथे हाताला मज्जाव आहे, तिथल्या अपयशाचे खापर हाताच्या वळणावर फोडायला बुद्धी लागत नाही. कारखान्याच्या नावाचा छापील कागद पुरतो.

तरीही हा खुलासा दोनदा पाठवला गेला, दोनदा मानला गेला, आणि त्याच्या आधारावर एका माणसाचे आयुष्य खोळंबून राहिले.

तो माणूस मालकांचा जावई, कारखान्यातला लेप चढवणारा एकमेव कारागीर. कारखान्यात त्याला दुसरे नाव नव्हते. क्रेनवालासुद्धा ‘ओ जावई, डोकं सांभाळा’ असेच ओरडे. जावई हा दहावा ग्रह, असे जुने लोक सांगून गेले आहेत. पण ग्रहाला निदान स्वतःची कक्षा असते. हा ग्रह सासऱ्यांच्या खुंटीला टांगलेला होता. त्याची बायको, म्हणजे मालकांची एकुलती एक मुलगी, लेकीला घेऊन बंदराच्या शहरी गेली होती. तिथल्या इस्पितळात तिला परिचारिकेची नोकरी लागली होती, आणि तिथल्या गोदीत यालाही लेप चढवण्याचेच काम ठरले होते. घर मिळाले होते, पडदे लागले होते. आडवी आली होती ती सासऱ्यांची अट.

‘जावईबापू, मी काय तुम्हाला दोरखंडानं बांधलंय?’ सासरे म्हणाले होते. ‘पंपघराचं काम गेलं तर कारखाना बसेल. दुसऱ्या कुणाच्या हातचा एक शाफ्ट ग्राइंडिंगमधून धड बाहेर पडू द्या, की तुम्ही मोकळे. मीच तुमच्या बॅगा गाडीत चढवतो.’

अट न्याय्य होती. पिंजरा न्याय्य असला की त्याला कुलूप लागत नाही.

पहिला कारागीर आला. लेप चढवून झाला, शाफ्ट घासून मापाला आणण्यासाठी ग्राइंडरवर गेला, आणि दगड टेकताच लेप कवचासारखा सुटून आला. तो माणूस शरमेने हिशेब न घेताच निघून गेला. दुसऱ्याच्या वेळी तेच झाले. फक्त तो शरमेने नव्हे, शिव्या देत गेला. दोन्ही वेळा विखुरलेले तुकडे गोळा करण्याचे काम जावयाने आपणहून अंगावर घेतले. एकेक तुकडा उचलायचा, उलटा करून बघायचा, आणि भंगाराच्या पिंपात टाकायचा. कोणी सांगितले नव्हते.

राहायला तो सासऱ्यांच्याच घरी, बायकोच्या लहानपणीच्या खोलीत होता. पलंग शाळकरी मुलीच्या मापाचा, त्यामुळे पाय कठड्याबाहेर. त्या खोलीला बाहेर पडायची वाट सासऱ्यांच्या खोलीतून. दार कितीही हळू उघडले तरी अंधारातून आवाज येई, ‘कुठं निघालात?’ आणि पाणी प्यायला निघालेल्या माणसालाही आपण पळून चाललो आहोत असे वाटे.

दुपारच्या सुट्टीत बायकोचा फोन येई.

‘पडदे कुठल्या रंगाचे आहेत, सांग.’

‘निळे.’

‘हिरवे. फोटो पाठवला होता. तू येतोयस, की त्या शाफ्टशीच संसार मांडलायस?’

‘आता नवी आलीये एक. कामाला पक्की आहे. या वेळी होईल.’

‘लेकीला हेच सांगू? बाबा म्हणतो, या वेळी होईल? तिनं दारामागे तुझ्या चपलांसाठी जागा ठेवलीये. दुसऱ्या कुणी चप्पल काढली की लाथेनं सरकवते.’ मग ती म्हणाली, ‘गोदीवाले महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. पुढे नाही. आणि खरं सांगू? पुढे मीही नाही.’

नवी म्हणजे तिसरी कारागीर. चाळिशीची, आखूड केसांची, जिभेला धार असलेली बाई. आल्या दिवशीच तिने जावयाला विचारले, ‘दादा, इथं लेप सुटतो म्हणे. सुटतो, की कुणी सोडवतं?’

‘हाताला वळण लागतं,’ जावई म्हणाला.

‘गनला का हात असतो?’

जावई हसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला, आणि लगेच कामाला लागला.

लेप चढवायची खोली म्हणजे पत्र्याची पेटी. खिडकी नाही, जड दार, छताशी हवा ओढणारा पंखा. नवीने शाफ्टचा झिजलेला भाग लेथवर जरा खोल कातून घेतला, ब्लास्टिंग केले, हवेने धूळ उडवली, आणि मांडीएवढ्या जाड त्या राखाडी अंगाभोवती कोरा कागद गुंडाळून घडी वरच्या बाजूला ठेवली. मग ती अंगावर जाड पोशाख चढवायला गेली. जावई ते सगळे पाहून तारेची रिळे आणायला कोठीत गेला होता. तो परतला तेव्हा सासरे त्या पेटीतून बाहेर येत होते. हात पॅन्टला पुसत होते. लेथला तेल घालण्याचे काम ते कोणावर सोपवत नसत.

‘जरा नजर टाकून आलो,’ सासरे म्हणाले. ‘बाई झकास दिसतीय कामाला. बघू.’

जावई आत गेला. कागदाची घडी आता खालच्या बाजूला होती. त्याने ती पाहिली. मग रिळे चढवली, तारांची टोके गनमध्ये ओवली, बैठकीचे बोल्ट आवळले, आणि दार लोटून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाफ्ट ग्राइंडरवर चढला. ग्राइंडरवरच्या म्हाताऱ्याला सगळे मौनी म्हणत. दगड टेकला, ठिणग्या उडाल्या, पाण्याची धार सुरू झाली. आणि फट् असा आवाज होऊन लेपाचा तळहाताहून मोठा तुकडा जाळीवर आदळला. मौनीने मशीन बंद केले.

‘गेलं,’ तो म्हणाला. त्याच्या मानाने हे व्याख्यान होते.

सासरे कार्यालयाच्या दारातच उभे होते, जणू आवाजाचीच वाट पाहत. ‘बघा! मी सांगत नव्हतो? अहो, सोंगं सगळी आणता येतात, वळण आणता येत नाही. जावईबापू, पंपघराला कळवा, मागच्यासारखंच. तारीख तेवढी बदला.’

जावई सवयीने वाकला. पण तुकड्यावर आधी नवीचा हात पडला. तिने तो उलटा केला, फडक्याने टिपला आणि उजेडात धरला. लेपाची आतली बाजू, जी एरवी सगळीकडे एकसारखी मळकट राखाडी असते, तिच्यावर काळपट, गुळगुळीत असा एक आकार उठला होता. चार बोटे आणि तळहाताची टाच.

‘मालक,’ ती म्हणाली, ‘इकडे या. तुमचा पंजा लावून बघा.’

‘बाई, जीभ आवरा.’

‘जीभ आवरते. तुम्ही हात आवरा. घोडा होता का तो, मानेवर थोपटायला? मी हातमोज्याशिवाय शाफ्टजवळ जात नाही. मौनीबाबांचा पंजा केवढासा, जावईदादांच्या तर्जनीवर अंगठी. इथं अंगठीचा ठसा नाही. राहिलं कोण?’

मौनीने, कोणी विचारले नसता, स्वतःचा लहानखुरा पंजा वर करून दाखवला.

सासऱ्यांनी आधी आवाज चढवला. कारखाना माझा, शाफ्ट माझ्या जबाबदारीचा, मी हात लावायला परवानगी काढू काय? मग ते ग्राइंडरच्या कठड्यावर बसले. खांदे उतरले, आवाजही उतरला.

‘लावला. तिन्ही वेळा लावला. पोरगी गेली. नात गेली. हेही गेले की मी कुणाच्या तोंडाकडे बघत जेवायचं, भिंतीच्या?’

जावई तुकड्याकडे पाहत राहिला. वाङ्मय आणि व्यवहार दोन्ही ठिकाणी अशा प्रसंगी कैद्याने आनंदाने उसळावे अशी अपेक्षा असते. तो उसळला नाही. दार उघडे पडले होते आणि त्याला उंबरठाच सापडत नव्हता.

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढताच त्यावर बायकोचे नाव पाहून नवी म्हणाली, ‘घ्या की. सांगा घरी. सुटलात तुम्ही.’

त्याने फोन कानाला लावला. ‘मामांनीच हात लावला होता,’ तो म्हणाला. ‘शाफ्टला. म्हणून लेप सुटत होता. त्यांनी कबूल केलं आत्ता.’

पलीकडे इस्पितळातली कसली तरी ढकलगाडी खडखडत गेली. मग बायकोने विचारले, ‘तिन्ही वेळा?’

‘हो.’

‘आणि तुकडे कोण उचलायचं?’

‘मीच.’

‘म्हणजे तुला आजच कळलं?’

‘हो’ एवढेच म्हणायचे होते. त्या एका होकारात रिकामी चपलांची जागा, हिरवे पडदे, गोदी, सगळे मावत होते. सासरे मान वर करून त्याच्याकडे पाहू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांत आशा होती की भीती, हे त्याला ओळखता आले नाही. नवीने तुकडा अजून उजेडात धरलेला होता. ती आता पंजाकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होती.

तो जे बोलला ते एक अक्षर इकडचे तिकडे न करता असे आहे:

‘नाही. पहिल्याच वेळी दिसला होता पंजा. दुसऱ्या वेळीही. दोन्ही तुकडे मीच भंगारात टाकले. काल तर कागदाची घडी फिरलेली दिसली, तरी गन मीच जोडून दिली. गोदीत माझ्यासारखे ढिगानं आहेत गं. इथं माझ्यावाचून अडतं, असं सगळे म्हणत होते. मला ते अजून थोडे दिवस ऐकायचं होतं.’