सासूबाईंचे केस आणि टकलू जावई

पेंटरच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता. लग्नाआधीच एकेकाने काढता पाय घेतला होता, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती. आंघोळ झाली की टॉवेल डोक्यावरून एकदा गरागरा फिरवायचा, झालं काम! अशा माणसावर सासूबाईंचे गुडघ्यापर्यंतचे केस वाळवायची वेळ यावी, म्हणजे आता काय म्हणावं?

झालं होतं असं. सासूबाई वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या आणि डब्यासकट खाली आल्या. उजवा हात मोडला, प्लास्टर पार कोपराच्या वरपर्यंत. लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. लेक रुग्णालयात नर्स, त्यामुळे जेवण, गोळ्या, झोप सगळं घड्याळाच्या काट्यावर. घोडं अडलं ते केसांपाशी. पहिल्यांदा धुतले तेव्हा लेकीला ड्यूटीवर पळायचं होतं. तिने ड्रायर पूर्ण गरम केला, डोक्याला टेकवून धरला आणि ओल्या केसांतूनच वरून खाली कंगवा ओढला. फरशीवर तुटक्या केसांचा हा एवढा पुंजका!  नंतर सासूबाई म्हणाल्या, "कापूनच टाकू या गं. तुला तरी किती त्रास."

"बरं होईल, आई. एकदम सुटसुटीत," लेक म्हणाली आणि लगेच पार्लरवालीला फोन लावून मोकळी झाली.

पेंटरने मात्र एक गोष्ट पाहिली होती. खोलीवरून जाताना दार किलकिलं होतं. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून, वेणीचं टोक दातांत धरून, एकट्या डाव्या हाताने पेड घालायची खटपट करत होत्या. पेड सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. मग त्यांनी सगळे केस मांडीवर घेतले आणि रडून थकलेल्या पोराला थोपटावं तसे नुसते थोपटत बसल्या. पेंटरला कळलं, यांना केस कापायचे नाहीत. पण बोलणार कोण? बाहेर गप्पांचा फड जमवणारा हा गडी सासूबाईंपुढे उभा राहिला की ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यापलीकडे त्याची मजल जात नसे.

आणि तो दिवस उजाडला. पार्लरवाली चारला येणार होती. लेकीने सकाळी आईचे केस धुतले, टॉवेल गुंडाळला आणि तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. कुणीतरी आलं नव्हतं, हिला लवकर बोलावलं.

"तेवढे वाळव रे," बूट चढवता चढवता ती नवऱ्याला म्हणाली. "ओल्या केसांना ती कात्री लावत नाही."

"मी?"

"नाहीतर काय, शेजारच्यांना बोलावू?" आणि गेलीसुद्धा.

पेंटरने टॉवेल हातात घेतला. त्याला डोकं पुसायची एकच रीत ठाऊक होती. त्याने ती वापरली, गरागरा.

"अहो, अहो! जावईबापू! डोकं आहे ते, पातेलं नव्हे!"

टॉवेल काढून बघतो तर काय, केसांचं असं काही घरटं झालेलं की चिमणी हौसेने राहायला आली असती. तो घाबरून कारखान्यात पळाला. कारखाना म्हणजे मागची खोलीच, तिथे तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तिथून त्याने पाट्या वाळवायचा उभा पंखा ओढत आणला आणि पूर्ण वेगात सुरू केला. केस उडाले, प्लास्टरला गुंडाळले, खुर्चीच्या दांड्यात अडकले, उरलेले पेंटरच्या तोंडात गेले.

"बंद करा! मी काय दुकानाची पाटी आहे?"

पंखा बंद झाला. आता राहिला ड्रायर. त्याने तो नुसता उचलला आणि सासूबाईंनी इंजेक्शनच्या आधी मिटावेत तसे डोळे घट्ट मिटून घेतले. त्याने गुपचूप ड्रायर खाली ठेवला.

"जाऊ द्या," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "नाहीतरी चार वाजता कापायचेच आहेत."

पेंटर पंखा परत ठेवायला म्हणून कारखान्यात गेला, खरं तर तोंड लपवायला गेला. टेबलावर त्याचा लाडका ब्रश पडला होता. लांब, मऊ केसांचा, सलग रेघ ओढायचा. सकाळीच धुतला होता. हा ब्रश त्याने कधी पिळला नव्हता, उन्हात की हीटरजवळ ठेवला नव्हता. जुन्या सुती कापडात अलगद दाबायचा, बोटांनी सरळ करायचा, आडवा ठेवायचा आणि विसरून जायचं. त्याचा एक केस जरी वाकडा झाला तरी पेंटर दिवसभर घरात कुणाशी धड बोलत नसे. आणि त्याच माणसाने मघाशी सासूबाईंच्या डोक्याचं भरीत केलं! त्याने कपाळावर हात मारला, अगदी जोरात. टक्कल असल्यामुळे आवाजही छान आला.

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या टीशर्टांची चळत होती.

"हे काय आता?"

"टॉवेल खरबरीत असतो, आई. हा मऊ आहे."

"निळे डाग आहेत त्यावर. माझे केस निळे होतील!"

"जुने डाग आहेत, निघायचे असते तर कधीच निघाले असते."

सासूबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

त्याने त्यांना खिडकीजवळ, उन्हाच्या जरा बाजूला बसवलं. केसांच्या बटा वेगळ्या केल्या. एकेक बट टीशर्टात धरून नुसती दाबायची, चोळायची नाही, पिळायची नाही. कापड ओलं झालं की दुसरं. पाणी टिपून झाल्यावर त्याने खुर्चीच्या पाठीवर कोरडं कापड टाकून सगळे केस त्यावर मोकळे पसरले. पंखा लांब नेऊन अगदी हळू लावला. अधूनमधून मुळांशी बोटं घालून केस उचलायचा, आत वारा जाऊ द्यायचा. गुंता कंगव्याने न ओढता बोटांनी सोडवायचा. ओलसरपणा बराच गेला तेव्हा कुठे मोठ्या दातांचा कंगवा घेतला आणि शेंड्यांपासून सुरुवात करत हळूहळू वर आला. शेवटी तळहातावर तेलाचे दोन थेंब चोळून फक्त शेंड्यांना लावले.

हे सगळं व्हायला वेळ लागतो, आणि वेळ आहे म्हटल्यावर माणसं बोलतात. सासूबाई लेकीच्या लहानपणीच्या खोड्या सांगत राहिल्या. पेंटर इतका हसला की एका पाटीवर चुकून ‘ताजे दूध’च्या जागी ‘ताजे दुःख’ लिहिलं होतं, तेही त्याने कबूल करून टाकलं. इतक्या वर्षांत दोघं एवढं बोलले नव्हते.

चारला पार्लरवाली आली. तिने केस हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "अगं बाई! काय केस आहेत हो!" मग पिशवीतून कात्री काढली. "खांद्यापर्यंत ना?"

सासूबाईंनी मान हलवली. हो की नाही, काही कळेना. डावा हात मात्र मांडीवरच्या केसांवर मुठीसारखा आवळला होता.

पेंटरने ती मूठ पाहिली. आणि तो बोलला. "कापायचे नाहीत."

"पण ताई तर फोनवर..."

"ताईंचं मी बघतो. प्लास्टर निघेपर्यंत केस मी वाळवणार. आईंना हवे असतील तर ठेवायचे. आई, हवेत ना?"

 सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं आणि त्यांनी लहान मुलीसारखी जोरजोरात मान डोलावली. पार्लरवाली समजूतदार बाई. तिने ड्रायरने जळलेले शेंडे तेवढे नीट केले, चहा घेतला आणि गेली.

संध्याकाळी लेक घरी आली. दारातच थबकली. आईचे केस खुर्चीवरून थेट फरशीपर्यंत सुटलेले.

"अगं, कापले नाहीस?"

"मला कापायचेच नव्हते."

"मग तसं बोलायचंस ना, आई!"

"तू विचारलंस का?"

दिवसभर वॉर्डात खाटेखाटेवर जाऊन ‘कुठे दुखतंय’ म्हणून विचारणारी पोरगी ही! बूटही न काढता ती आईच्या पायाशी येऊन बसली, आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "चुकलंच माझं. आता विचारते. कुठे दुखतंय तुला?"

"मानेत!" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने सकाळपासून एका जागी बसवून ठेवलंय मला."