सामाईक खांब

वाटणी झाली तेव्हा माझ्या दोन्ही मामांनी घरातली एकूण एक वस्तू मोजली होती. आजची मोजदाद अशी: मधली भिंत एक, तिच्या अल्याड थोरला मामा, पल्याड धाकटा. चुली दोन, टीव्ही दोन, टीव्हीखालचे डिजिटल डबे दोन. गाई तीन, पैकी दोन इकडं, एक तिकडं. वाटता न आलेल्या गोष्टी दोनच. ओढ्यावर दोघांनी मिळून घातलेला बांध, आणि भिंतीच्या बरोबर मधोमध उभा असलेला अँटेनाचा खांब. खांबावरून एकच वायर खाली येते, भिंतीवरच्या सांध्यात तिला दोन फाटे फुटतात आणि ते दोन घरांत जातात.

"आलं का?" छपरावरून थोरला मामा ओरडला.

"नाही!" मामी घरातून.

पाईप करकरला.

"आता?"

"नाही! अहो, आलं, आलं! गेलं!"

"गेलं कसं?"

"मला काय विचारता? मी काय हाकललं त्याला?"

भिंतीपलीकडून धाकट्या मामाचा आवाज आला. पेरणीपासून त्यानं भावाशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे भावाला जे सुनावायचं ते तो गाईला सुनावायचा. "तांबडे, बघितलंस ना? हातात आलेलं घालवायची जुनी खोड आहे माणसाची."

"अगं, त्या गाईला सांग," छपरावरून उत्तर गेलं, "तोंड मिटून रवंथ कर म्हणावं!"

एवढी घाई कशासाठी ते सांगते. गावाजवळच्या टेकडीवरच्या टॉवरवरून एक स्थानिक वाहिनी दिसते. तिची माणसं मागं कॅमेरा घेऊन आली होती, बांध बघायला. त्या वेळी धाकटा मामा बाजाराला गेलेला. थोरला एकटाच कॅमेऱ्यापुढं बोलला. आणि संध्याकाळपर्यंत गावानं धाकट्याच्या कानात ओतलं की भावानं सगळा बांध एकट्याच्या नावावर सांगितला. बांधाचं पाणी थोरल्याच्या रानात नेणाऱ्या पाटाचं दार धाकट्याच्या रानात. त्यानं ते निम्मं खाली सोडलं आणि गाईला सांगितलं, "कार्यक्रम माझ्या घरात, माझ्या डोळ्यांनी बघीन. तो एकटाच मोठा झाला असेल, तर दुसऱ्या दिवशी दार पुरतं बंद."

थोरल्याचे टोमॅटो ऐन फळावर आलेले. जमीन तडकून तिच्या भेगांत बोट जात होतं, वारा भट्टीसारखा. आदल्या दिवशी मी सरीत पट्टी उभी करून पाणी मोजलं होतं. चार सेंटिमीटर.

"पण मामा, तू नक्की काय बोललास?" मी विचारलं होतं.

"काय की! चांगलंच बोललो असेन." मग जरा वेळानं, "कॅमेरा पुढं आला की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही गं, भावाचं कुठून आठवणार?"

कार्यक्रम आज संध्याकाळी, एकदाच. फोनवर तो येत नाही. आणि नेमका परवाच्या वावटळीनं अँटेनाचा पाईप फिरवून ठेवलेला.

मी विज्ञानाची पदवीधर. सकाळी मोठ्या ऐटीत फोनमधलं होकायंत्र काढून अँटेना अचूक टॉवरच्या दिशेला लावून दिला होता. दोन्ही घरांत काळा पडदा. मध्ये खडकाचा उंचवटा आहे, सरळ येणाऱ्या लहरी तो अडवतो, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. कुठल्या तरी उतारावरून उसळून येणारा सिग्नल शोधायला हवा होता. "शिकलेल्या माणसाला टॉवर कळतो, आडवा आलेला खडक कळत नाही," असं म्हणत मामा स्वतः छपरावर चढला.

दुपार कलली तरी मामा छपरावर घाण्याच्या बैलासारखा फिरतच होता. मी मामीशेजारी टीव्हीपुढं बसून बघत होते. चित्र यायचं ते नेहमी मामीनं "नाही" म्हटल्यावर. आणि मला एकदम उमगलं. जुना टीव्ही भोळा होता, अँटेना हलला की तिथल्या तिथं पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त व्हायच्या. डिजिटल डब्याला मात्र सिग्नल पकडून, जुळवून चित्र उभं करायला थोडा वेळ लागतो. मामा फिरवायचा, लगेच विचारायचा, मामी लगेच "नाही" म्हणायची, मामा पुढं सरकायचा. मागच्या जागेचं चित्र यायचं तोवर अँटेना पुढच्या जागेवर! सगळं गाव वर्षानुवर्षं असंच ओरडून अँटेना लावत आलेलं, सवय जाते कशी?

"मामा, फिरवल्यावर थांब! लगेच विचारू नको!"

"किती थांबू? इथं पत्रा तव्यासारखा तापलाय!"

मामी उठली. "मी अंगणातल्या नळाखाली बादली लावते. बादली भरली की मी हाक देईन. तोवर ना तुम्ही बोलायचं, ना हात लावायचा."

"म्हणजे आता बायकोच्या बादलीवर चालायचं?"

"आजवर कशावर चालत होतात?" मामी म्हणाली.

पलीकडं धाकटी मामी खुदकन हसली. तिनंही मग बादली लावली. चार बोटं पाईप फिरवायचा, बादली भरू द्यायची. पिंप भरलं, हंडे भरले, गाईंची कुंडी भरून वाहायला लागली. मी टीव्हीच्या पडद्यावरची सिग्नलची पट्टी वाचत होते. दहा. चौदा. मग अचानक एकोणचाळीस, आणि पुढच्या बादलीला सेहेचाळीस. पडद्यावर एक बाई स्वच्छ हसायला लागली.

"आलं! हात लावू नका!"

मी भिंतीशी धावले. "धाकटे मामा, तुमच्याकडं?"

"तांबडे, पोरीला सांग, काळं कुत्रंसुद्धा दिसत नाही. एकतीस म्हणतंय."

सांध्यात सिग्नल दोन घरांत वाटला जातो, आणि धाकट्याची वायर जुनी, लांबची. पूर्वी एवढ्यावर मुंग्यांतून का होईना, माणूस ओळखू आला असता. आता चाळिसाच्या खाली सगळं काळं. मी थोरल्या मामाला हे सांगितलं. कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं होतं.

मामा छपरावरून उतरला. आपल्या पडद्याकडं त्यानं बघितलं. तिथं आमचा बांध दिसत होता.

"फाटा काढला तर सगळं तिकडं जाईल?"

"जाईल. पण मग आपल्याकडं काही दिसणार नाही. आणि मामा, तू काय बोललायस ते तुला तरी..."

"आज ना उद्या कळणारच आहे," तो म्हणाला. "आणि माझं तोंड मी रोज आरशात बघतो."

त्यानं सांध्यातून सगळ्या वायरी उपसल्या आणि खांबाची थेट भावाच्या वायरीला जोडून दिली. आमचा पडदा काळा झाला. आम्ही तिघं भिंतीला कान लावून उभे राहिलो.

"हा बांध कुणी घातला, काका?" पलीकडून निवेदिकेचा आवाज आला.

मग मामाचा. आधी लांब खाकरणं. "दगड माझे. डोकं धाकट्याचं. मी म्हणत होतो खाली घालू, तो म्हणाला वर. त्याचं बरोबर निघालं." जरा थांबून, "पण हे त्याला सांगू नका हं. डोक्यावर चढून बसेल."

निवेदिका हसली. मामा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"तांबडे," शेवटी पलीकडून आवाज आला. मग गाईला सोडून तो मोठ्यानं ओरडला, "अरे दादा! स्वतःचं थोबाड बघायला येतोस, का त्यालाही आमंत्रण द्यायचं?"

मामा वहाणा न घालताच निघाला. वळसा घालून तो दारात पोचेपर्यंत हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या. दोघं शेजारी बसून त्या शेवटपर्यंत बघत राहिले.

"पाऊस नाही म्हणतात," थोरला म्हणाला.

"त्यांना काय कळतंय!" धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोमॅटोच्या सरीत, त्याच जागी, पुन्हा पट्टी उभी केली. पाणी अकरा सेंटिमीटर होतं.