अनेस्तिसकाकांच्या भिंतीवरचा पत्रा

स्तेर्गिओसला आधी लाज वाटायची ती अनेस्तिसकाकांच्या पाइपांची. स्वतःची वाटायला दीड महिना लागला.

वोलोस शहराबाहेरच्या डोंगरावर गाड्यांची शर्यत असली की आधी तासभर सगळ्यांची बॉनेटं उघडी. लोक हात मागे बांधून फिरतात, मुलगी बघायला आल्यासारखे वाकून बघतात आणि कुणी न विचारता मत देतात. गेल्या वर्षी स्तेर्गिओसच्या लाल अल्फाचं हेडर तडकलं होतं. हेडर म्हणजे इंजिनातला जाळ-धूर बाहेर नेणारे चार पाइप. यंदा नवं बसवायचं हे ठरलं होतं. कुणाचं, एवढंच ठरायचं होतं.

खरं तर वोलोसमध्ये हा प्रश्न पडायलाच नको. अनेस्तिसकाका चाळीस वर्षं हेच करत आलेत. स्तेर्गिओसचे वडील थानासिस त्यांचे जिवलग मित्र, त्यांच्या गाडीलाही काकांचेच पाइप होते. पण दिसायला कसे? काळपट, वेल्डिंगचे जाड जाड वळ उठलेले. स्तेर्गिओसचं चष्म्याचं दुकान, सगळा दिवस काच पुसण्यात जायचा. त्याला चकचकीत हवं होतं.

तरी तो गेला काकांकडे. न जाऊन सांगतो कुणाला!

"त्या कॅटलॉगात चाराचा एकदम एक पाइप करतात, काका. वरच्या वेगाला जोर मिळतो."

"वरच्या वेगाचं काय लोणचं घालायचंय? आपल्या डोंगरावर सरळ रस्ता आहे कुठं? वळणातून बाहेर पडताना ओढ पाहिजे. चाराचे दोन, मग दोनाचा एक. गप ऐक."

काकांनी वेल्डिंगच्या चार सळया घेतल्या आणि एकेका पाइपाची वाट इंजिनाशेजारी वाकवून काढली. असल्या वाकड्या तारांनी त्यांची अख्खी भिंत भरलेली. प्रत्येक जुडगा एका खिळ्यावर, त्याला पत्र्याचा तुकडा बांधलेला. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या पत्र्यावर नुसती गाडी आणि रंग: 'फियाट, पांढरी'. आपल्या माणसाच्या पत्र्यावर त्याचं नाव. थानासिस वारून सात वर्षं झाली, तरी त्यांच्या नावाचा पत्रा काकांनी हलवला नव्हता. आता त्याच्या शेजारच्या खिळ्यावर त्यांनी नवा पत्रा लावला आणि टोच्याने कोरलं, 'स्तेर्गिओस'.

"बुधवारी गाडी घेऊन ये. तारा पुन्हा वाकवायच्यात."

"झाल्या की आता. पुन्हा कशाला?"

"ये तर खरा."

स्तेर्गिओस म्हणाला, "दोन दिवस घरी नेऊ का तारा? फोटो काढून ठेवतो."

मनात पाप होतंच. काका म्हणाले, "ने की. तुझ्याच आहेत."

दुसऱ्या दिवशी तारा कुरिअरने उत्तरेकडच्या एका कारखान्यात गेल्या. तिथे पाइप आरशासारखे घासून देत.

बुधवारी काकांचा फोन आला. "पोरीला ताप आहे हो, काका," स्तेर्गिओस बोलून गेला. संध्याकाळी काकांच्या घरून एवान्थियाकाकूंनी शेजाऱ्याच्या हाती पातेलंभर सूप पाठवलं, कोंबडीचं, लिंबू पिळलेलं. ठणठणीत पोरीने दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि विचारलं, "आज काय आहे, बाबा?" बाबाने आपली वाटी बाजूला सारली. त्यानंतर तो काकांची गल्ली टाळून लांबून जायला लागला.

पाइप आले. झिसिसने, त्याच्या शर्यतीतल्या दोस्ताने, बसवायला मदत केली. "आयला, यात तोंड बघून दाढी करावी!" स्तेर्गिओस खूश. शर्यत रविवारी. गुरुवारी तो झिसिसला शेजारी बसवून डोंगरावर निघाला. तिसऱ्या वळणावर जोर दिला आणि खालून 'टक्'. स्टिअरिंग क्षणभर अडकलं. गाडी दरीकडच्या कठड्याला घासून थांबली.

झिसिस पांढराफटक. खाली वाकून त्याने पाहिलं. "जोर लावला की इंजिन रबरावर कलतं, लेका. पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला टेकतोय. काकांना विचारलं नव्हतंस?" मग त्याचं त्यालाच कळलं. "जा त्यांच्याकडे."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे तेच एक. दुसरं कुठून आणणार?"

शुक्रवारी सकाळी तो गेला. काकूंचं पातेलं रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात संत्री भरली होती. काकांनी पातेल्याकडे पाहिलं, मग बॉनेट उघडलं. चकाकत्या पाइपावरून हात फिरवला.

"हात चांगला आहे. काम नीट केलंय," ते म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोरीचा ताप उतरला?"

"ताप नव्हताच, काका."

"हं."

मग त्याने सगळं सांगितलं, मान खाली घालून. काकांनी मध्ये एकदाच विचारलं. "तारा कुठायत?"

"काम झाल्यावर त्यांनी टाकून दिल्या."

काकांचा हात थांबला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. दीड महिना नुसता पत्राच लटकत होता तिथे.

"बस गाडीत. हँडब्रेक ओढ. पहिला टाक. क्लच हळू सोड. अजून जरा."

इंजिन दोन बोटं कललं आणि पाइप दांड्याला टेकला.

"बुधवारी हेच बघणार होतो," काका म्हणाले. एवढंच.

दुपारपर्यंत ते राबले. आरशासारखा पाइप मधोमध कापला, दांड्यापासून लांब वळवला आणि वर आपला तो जाड काळा वळ चढवला. पुन्हा तीनदा जोर लावून बघितला. "रविवारी जाशील नीट." मग चार नव्या सळया घेऊन त्या परक्या पाइपांच्या वाटाही वाकवल्या आणि जुडगा खिळ्यावर अडकवला. पत्रा काढला, उलटा केला, टोच्याने काहीतरी कोरलं, परत बांधला आणि हात धुवायला गेले.

तारीख घातली असेल, असं वाटून स्तेर्गिओस जवळ गेला. 'अल्फा, लाल'.

शेजारी वडिलांचं नाव होतं. त्याला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात कॉफीचा ट्रे घेऊन काकू आल्या. "अरे, त्या दिवशीपासून जिवाला नुसता घोर! पोरगी कशी आहे आता?"

स्तेर्गिओसने पुढे होऊन त्यांच्या हातातला ट्रे घेतला.

"बरी आहे," साबणाचे हात चोळत, मागे न बघता काका म्हणाले. "तुझ्या सुपाने उतरला ताप."