केसांनी भरलेली डबी

नाताळच्या आठ दिवस आधी बोटीवर नोकरीला असलेला लिओनार्ड ठाण्याला घरी आला. साल त्रेपन्न. बहिणीसाठी त्याने कॅनडातल्या क्वेबेकहून झाडाच्या सालीची एक डबी आणली होती. झाकणावर लाल फुलं भरलेली.

कार्मेल चर्चमधल्या वेदीची वस्त्रं भरायची. सुईदोऱ्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पण डबीवरच्या फुलांचा दोरा काही तिला ओळखता येईना. रेशीम म्हणावं तर पीळ नाही. तिने आतल्या बाजूची सुटलेली तार उजेडात धरली. एक टोक जाड, दुसरं निमुळतं.

"दादा, हा केस आहे!"

"हो, मूसचा. सांगायचं राहिलंच. घोड्याहून उंच असं हरीण असतं तिकडे. वेंडाट म्हणून तिथले मूळचे लोक आहेत, त्यांच्यातल्या एका बाईने भरलीय ही. आणि साल भूर्जाची."

"म्हणजे आपलं ताइतातलं भूर्जपत्र?"

उत्तराची वाट न बघता कार्मेल निघालीच. स्टेशनसमोर नाथा टांगेवाल्याची पांढरी घोडी उभी होती.

"नाथामामा, हिच्या शेपटीचे थोडे केस द्या ना."

"कशाला गो? कुणावर करणी करतेस?"

"फुलं भरायचीत!"

नाथा पोट धरून हसला, पण खरारा करून मूठभर केस त्याने दिले. नौपाड्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानात होतं नव्हतं तेवढं भूर्जपत्र तिने उचललं. कागदासारखं पातळ, मग खळ लावून थरावर थर चिकटवले आणि पाट्याखाली दाबून ठेवले. केस लाल रंगात उकळले. दाभणाने भोकं पाडून भरायला बसली, तर प्रत्येक केस वळणावर काडकन तुटायचा. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी तिने सगळं भिरकावून दिलं.

लिओनार्ड डोकं खाजवत म्हणाला, "ती बाई केस आधी तोंडात धरायची. मला वाटलं, सवय असेल तिची."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

तिने केस ओठांत धरला, भिजवला, ओवला. मुकाट्याने वळला! संध्याकाळपर्यंत पाच पाकळ्या उमलल्या, आणि कार्मेल घरभर नाचली.

लिओनार्ड परत निघाला तोवर तिची डबी पुरी झाली होती. तो म्हणाला, "ही तू केलेली डबी मला दे. त्या बाईला दाखवतो."

द्यावीशी वाटत नव्हती, तरी तिने दिली. मग आठ महिने तिचा जीव टांगणीला.

गणपतीच्या सुमारास लिओनार्ड आला. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "काय म्हणाली?"

"आधी डबी उलटी करून आतले टाके बघितले. मग शेजारच्या दोघींना हाक मारली. कुठल्या जनावराचे केस, म्हणून खुणांनी विचारत होती. मला तिची भाषा येते कुठे? मी घोड्यासारखा खिंकाळलो! तिघी हसून हसून लोळल्या."

"आणि डबी?"

"ठेवून घेतली तिने. खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी. बदल्यात हे दिलंय."

कागदाच्या पुडीत मूसच्या केसांची जुडी होती, बोटभर लांब, शुभ्र. कार्मेल ती घेऊन चपला न घालता स्टेशनकडे धावली.

"नाथामामा! तुमच्या घोडीचे केस परदेशात गेलेत!"

नाथा जुडी बघायला वाकला, तर त्याच्या आधी घोडीनेच तोंड पुढे केलं. कार्मेलने जुडी कशीबशी ओढून घेतली आणि दोघंही हसत सुटली.