कृष्णाक्कांचा राऊटर कोठडीत

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे, आणि आमचा हर्ष निर्दोष सुटला आहे.

आता हे वाक्य विसरा. हर्ष सुटलेला नाही, तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, तुम्ही आत्ताच येऊन बसला आहात. कोर्टात मोठमोठी माणसं दिवसभर असंच सोंग करतात, तुम्हाला थोडा वेळ जमायला हरकत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. माझ्या खोक्यावर एक कुटुंब छापलेलं होतं. आई, बाबा, दोन मुलं, सगळे माझ्याकडे बघून आनंदाने वेडे झालेले. मला वाटलं, जग असंच असेल. मग हर्षने मला चामराजपेटेतल्या घरी आणलं आणि त्याची आई कृष्णाबाई माझ्या दोन मिशांकडे बघून म्हणाली, "हे खिळ्याला टांग बाबा. टेबलावर झुरळ बसल्यासारखं दिसतंय."

घर मराठी, पण बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. कृष्णाबाईंना सगळी गल्ली कृष्णाक्का म्हणते. मीही म्हणतो, मनातल्या मनात.

माझं काम सोपं होतं. भिंतीतून आलेलं इंटरनेट हवेत सोडायचं. ते नीट चाललं की कुणाचं माझ्याकडे लक्ष नसे. अडकलं की मात्र सगळ्यांना एकच औषध ठाऊक : बंद करून चालू करा. मित्रांनो, तुम्हाला ताप आला तर कुणी तुम्हाला बंद करून चालू करतं का? मला दिवसातून कितीदा तरी करायचे, आणि वर म्हणायचे, बघा, झालं ना नीट.

कौतुक वर्षातून एकदा, आयुधपूजेला. त्या दिवशी कृष्णाक्का मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन आणि मला ओळीने कुंकू लावत. मला शेवंतीचं फूल मिळे. कुंकू माझ्या हवेच्या भोकांतून आत जाई आणि पुढचे काही महिने मी गरम होऊन धापा टाकत काम करी. पण मान तो मान.

आता मुख्य गोष्ट. कृष्णाक्कांना दाराशी आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी पाणी मागत, मग पासवर्ड मागू लागल्या. पुढे पाणी मागायचं बंद झालं. शेजारचे वासुदेव अण्णा, ज्यांचं अगरबत्तीचं दुकान आहे, ते माझ्या जोरावर दुकान चालवत. समोरचे निवृत्त मास्तर भीमाचार्य माझ्यावर प्रवचनं ऐकत. कृष्णाक्कांना इंग्रजी अक्षरं लिहायला आवडत नसे, म्हणून त्या गॅलरीत उभ्या राहून पासवर्ड एकेक अक्षर ओरडून सांगत. रिक्षावाल्यांनाही पाठ झाला होता. नेट गेलं की गल्लीतून हाक येई, "कृष्णाक्का, नेट गेलं. स्वल्प बंद करून चालू करा." गणपतीत हर्षच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली, तीही जाताना पासवर्ड घेऊन गेली. हर्ष वैतागून म्हणायचा, "अम्मा, असं करू नये." त्या म्हणायच्या, "सरी, बरं, आता नाही देणार," आणि दार वाजलं की द्यायच्या.

हर्ष एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत होता. कंपनी घरपोच इडलीचं पीठ विकते, आणि त्यासाठी काचेच्या इमारतीत बसते. साहेबाशी भांडण होऊन हर्षने नोकरी सोडली. त्यानंतर एका सकाळी कंपनीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कंपनीच्याच नावाने निरोप गेला : "आमच्या पिठात सोडा असतो. क्षमस्व." दुपारपर्यंत शहराने इडली सोडून उपमा केला.

कंपनीने तपास केला. निरोप ज्या इंटरनेटवरून गेला ते आमच्या घरचं निघालं. म्हणजे माझं. म्हणजे, त्यांच्या हिशेबाने, हर्षचं. सायबर पोलीस आले, हर्षला घेऊन गेले आणि मला खिळ्यावरून काढलं. कृष्णाक्कांनी पोलिसांना कॉफी दिली. त्यातल्या एकाने सवयीने विचारलं, "वायफाय आहे का?" आणि मग माझ्याकडे बघून फोन खिशात घातला.

मला पिशवीत घालून लाखेचं सील ठोकलं आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. माझ्या शेजारी दुसऱ्या कुणाच्या घरचा एक मिक्सर आहे. सायबर गुन्ह्यात त्याला का आणलं हे त्यालाही माहीत नाही. कागदावर तो "विद्युत उपकरण, वायरसह" आहे. प्रयोगशाळेने माझी तपासणी करून आतल्या सगळ्याची नक्कल काढून घेतली आणि अहवालात लिहिलं, "उपकरणात लाल रंगाची अनोळखी भुकटी आढळली." आयुधपूजेचं कुंकू ते. सरकारी वकिलांनी त्यावर दोन तारखा घालवल्या.

हर्ष जामिनावर सुटला, पण त्याला नोकरी कोण देणार? खटला हरला तर तुरुंग. कृष्णाक्कांनी देवापुढे नारळ ठेवला आणि बेंगळुरातल्याच शिवाजीनगरात आश्लेषा मॅडमना गाठलं. सायबर गुन्ह्यात अडकलेल्या माणसांचे आणि कंपन्यांचे खटले त्या लढवतात. त्यांचं ऑफिस स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आहे. मूळच्या निपाणीकडच्या, बोलणं सरळ.

एका तारखेला पोलीस मला मांडीवर घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसला होता, तेव्हा पलीकडच्या बाकावरचं बोलणं मी ऐकलं.

"अक्का, पासवर्ड कुणाकुणाला दिला होता?"

"कुणाला नाही दिला ते विचार."

मॅडमनी डोळे मिटले. मग हर्षकडे वळून म्हणाल्या, "तू इंजिनियर ना रे?"

हर्ष म्हणाला, "मॅडम, मी इंजिनियर ऑफिसात. घरी मी अम्माचा मुलगा."

"आणि गिऱ्हाइकांना निरोप पाठवायचा ऑफिसातला पासवर्ड?"

"सगळ्यांचा एकच होता. मी नोकरी सोडल्यावरही त्यांनी बदलला नाही."

मॅडमना बरं वाटलेलं दिसलं. बाहेरच्या कुलपाची किल्ली गल्लीला ठाऊक, आतल्या कुलपाची ऑफिसला, आणि ऑफिस गणपतीत जेवायला गल्लीत. मग एकट्या हर्षला पकडायचं कशावरून? फक्त गल्लीने येऊन सांगायचं होतं की हो, आम्ही हे नेट वापरत होतो.

मित्रांनो, इथे माझ्या संतापाला सुरुवात होते. गल्लीत कुणीच माझं नेट वापरलं नव्हतं. म्हणजे आता वापरलं नव्हतं. जो तो म्हणे, आमचं वेगळं आहे. ज्यांची लेकरं माझ्यावर परीक्षेचे निकाल बघत होती, त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. सगळ्यांना भीती एकच : हो म्हटलं तर उद्या पोलीस आपल्या दारात. कृष्णाक्का घरी गेल्या असतील, गॅलरीचं दार लावलं असेल.

मॅडमनी तरीही वासुदेव अण्णा आणि भीमाचार्य यांना साक्षीला बोलावलं. अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले, "त्यांचा राऊटर मी पाहिलेला नाही. माझं नेट वेगळं." भीमाचार्य आपली पाळी येईपर्यंत बाहेर बाकावर कानाला फोन लावून प्रवचन ऐकत होते. बाहेर फोन चालतो.

मग मॅडमनी कोर्टाकडे परवानगी मागितली : मुद्देमाल चालू करून दाखवायचा आहे. नक्कल आधीच झाली आहे, नुकसान काही नाही. न्यायाधीशांनी मान डोलावली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला वीज दिली. माझे दिवे लागले. माझ्या पोटात इंटरनेट नव्हतं, पण नाव माझं तेच होतं. मॅडमचा बेत असा होता की आता साक्षीदारांचे फोन मागवायचे. माणसं नाही म्हणाली तरी त्यांचे फोन जुनी ओळख विसरत नाहीत.

बेत सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेरून भीमाचार्यांचा आवाज आला. त्यांचा फोन माझं नाव ऐकून स्वतःचं नेट सोडून धावत माझ्याकडे आला होता, आणि माझ्याकडे काहीच नसल्यामुळे प्रवचन मधेच तुटलं होतं. आचार्य सवयीने ओरडले, "कृष्णाक्का, नेट गेलं. स्वल्प बंद करून चालू करा."

आणि पिंजऱ्यातून वासुदेव अण्णा, तितक्याच सवयीने, "मागचं बटण दाबा अक्का. पुढचं बिघडलंय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "न पाहिलेल्या राऊटरचं पुढचं बटण बिघडलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी दिवे मिचकावत होतो, मला दुसरं काही येत नाही. मग ते खाली मान घालून म्हणाले, "मीच जोरात दाबलं होतं, स्वामी."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पहिलं वाक्य तुम्ही विसरला नव्हता. हर्ष सुटला. निकाल ऐकून कृष्णाक्का उठल्या आणि कंपनीच्या माणसाला त्यांनी एकच विचारलं, "ते जाऊ दे. पिठात सोडा असतो की नाही?" त्याने फाइल काखेत मारली आणि जिना गाठला.

मी मात्र इथेच आहे. निरोप खरा कुणी पाठवला ते सापडलेलं नाही, आता तपास अज्ञात इसमाविरुद्ध चालू आहे, आणि तो सापडेपर्यंत मी मुद्देमाल. कृष्णाक्का मला मागायला आल्या होत्या. कारकून म्हणाला, भंगार आहे हो, नवा घ्या. त्या म्हणाल्या, "नवा घेतलाय. त्याचा पासवर्ड हर्ष मलाही सांगत नाही. नेट चांगलं चालतं." जाता जाता म्हणाल्या, "दार कुणी वाजवत नाही."

मित्रांनो, पासवर्ड जपा. हे मी सांगायला हवं आणि ते खरंही आहे. पण ज्याच्या घरचं घेतलं, त्याच्यावर वेळ आली की त्याच्या घराचं नाव घ्यायला लाजू नका. आणि आम्हा यंत्रांना कुंकू लावायचं तर बाहेरून लावा.

शेवटी एक अर्ज.

प्रति, श्री. / श्रीमती अज्ञात इसम. विषय : स्वतःहून हजर होणेबाबत. महोदय / महोदया, आपण सापडेपर्यंत अर्जदारास घरी सोडता येत नाही, असे कळविण्यात आले आहे. तरी आपण आपल्या सोयीच्या कोणत्याही कामकाजाच्या दिवशी ओळखपत्रासह पोलिसांत हजर राहावे, जेणेकरून अर्जदारास आयुधपूजेपूर्वी मूळ खिळ्यावर पूर्ववत टांगण्यात येईल. त्यानंतर जमल्यास चामराजपेटेत जाऊन कृष्णाक्कांचे दार एकदा वाजवावे. घर आपण पाहिलेले आहेच.