माझा एक कोण गेला तेव्हा

मित्रांनो, मी बालवाडीतील एक जुना लाकडी त्रिकोण आहे. माझी दोन टोके काळपट व तिसरे पिवळसर आहे. त्या पिवळसर टोकाविषयी मला कृतज्ञतेने चार शब्द सांगावयाचे आहेत.

दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यातून सुतारकाकांनी मला, वर्तुळाला व चौकोनाला घडविले. कोवळ्या बोटात लाकडाचे कुसळ शिरू नये म्हणून पॉलिश पेपरने आमचे अंग घासघासून गुळगुळीत केले. आमच्या पेटीच्या झाकणाला तीन भोके होती. ज्याने त्याने आपापल्या भोकातून आत जावे, हाच मुलांचा खेळ आणि हाच अभ्यास. वर्तुळ कसेही टाका, जाते. मला वळवताना मात्र मुलांच्या नाकी नऊ येत. मी आत पडताना 'टक्' असा आवाज होई, तीच माझी शाबासकी.

बाई रोज विचारीत, "त्रिकोणाला कोण किती?" मुले एका सुरात सांगत, "तीन." हे ऐकून ऐकून झाडलोट करणाऱ्या मावशीही म्हणू लागल्या, "बाई, त्या कपाटामागच्या कोणात झाडू पोचत नाही."

एक मुलगी मात्र कधीच बोलत नसे. तिला सारे चिमणी म्हणत. ती मला नुसती हातात धरून बसे.

"घरीसुद्धा हल्ली गप्पच असते हो," तिची आई म्हणाली.

"थोडे दिवस बघू. नाहीतर पुढच्या वर्षी आणा," बाई म्हणाल्या.

"मग मी कामावर कशी जाऊ?" आईने विचारले.

एके सकाळी दोन मुलांच्या ओढाताणीत मी फरशीवर आपटलो. माझे एक टोक तुटले, ते पुन्हा सापडलेच नाही. मावशींनी मला उचलले.

"बाई, याचा एक कोण गेला. टाकून देऊ?"

चिमणी सतरंजीवरून उठली. "याचं कोण गेलं?"

सारी मुले वळून तिच्याकडे पाहू लागली. बाई चूक सुधारणार होत्या, परंतु तिच्याजवळ खाली बसल्या. "तुझं कोण गेलं, बाळा?"

"आजोबा," ती म्हणाली. "यालापण रडू येतंय?"

"येत असेल गं. तूच बघ," असे म्हणून मावशींनी मला तिच्या ओंजळीत ठेवले.

संध्याकाळी बाई तिच्या आईला म्हणाल्या, "उद्याही आणा, परवाही आणा. आज तिनं आम्हालाच प्रश्न विचारला."

सुतारकाकांना बोलावणे गेले. "मोडलं म्हणून टाकताय? मग आधी माझे गुडघे टाका," असे म्हणत त्यांनी दुसऱ्या लाकडाचे टोक मला चिकटविले. रंग जुळला नाही. चिमणीने त्यावरून बोट फिरविले.

"हा नवीन कोण?"

"मीच समज," काका म्हणाले.

तेव्हापासून मी भोकातून थोडा अडून जातो, पण जातो. मित्रांनो, मोडकी वस्तू फेकण्यापूर्वी किंवा गप्प सोबत्याला चिडविण्यापूर्वी एकदा जवळ बसून विचारा, "तुझं कोण गेलं?" मला विचारणारी भेटली, म्हणून मी आज पेटीत आहे.