मी ग्लिम, पोर्थकॅरोच्या एका घरातला शब्द

मी एक शब्द बोलतोय. माझं नाव ग्लिम. एवढंसं नाव, एका श्वासात संपतं. पण म्हणून मला हलकं समजू नका. माझं वय मोजायला बसलात तर कित्येक पिढ्या मागे जावं लागेल.

माझं कूळ इंग्रजी. आमच्या घराण्यात सगळे उजेडाचेच. कोणी लखलखतं, कोणी लुकलुकतं, कोणी नुसतं चमकून जातं. मी त्यांच्यातला धाकटा. ढगाआडून क्षणभर डोकावणारी तिरीप, पाण्यावरचा एखादा कवडसा, एवढंच माझं काम होतं. मोठमोठ्या प्रार्थनांमध्ये थोरल्या भावंडांना मान मिळायचा. मला कोणी विचारत नसे.

मग मी वाईट संगतीला लागलो. खोटं कशाला बोलू? चोरांनी मला उचललं. मेणबत्तीला ते ग्लिम म्हणू लागले, हातातल्या कंदिलालाही ग्लिम. ‘ग्लिम विझव’ असं कोणी कुजबुजलं की समजावं, आता काहीतरी काळंबेरं चाललंय. काही भिकारी तर माझ्या नात्यातलं नाव लावून, घर जळाल्याच्या खोट्या कहाण्या सांगत दारोदार हिंडायचे. ज्याचा जन्म उजेडासाठी, त्याने अंधारातली कामं करावीत! फार लाज वाटायची.

पण देवाची दया बघा. चोरांकडून मी खलाशांकडे आलो आणि माणसांत आलो. जहाजावर दिव्याला ग्लिम म्हणत. आणि कधीतरी कोणाच्या तरी मनात आलं, माणसाच्या चेहऱ्यावरही दोन दिवे असतातच की! तेव्हापासून डोळेही ग्लिम झाले. पुढे म्हाताऱ्यांच्या चष्म्यालाही माझंच नाव मिळालं. एका शब्दाला आणखी काय हवं?

असाच एका खलाशाच्या तोंडी बसून मी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, पोर्थकॅरो नावाच्या गावात आलो. खलाशी म्हणजे जेबेझ पेनरोझ. त्याच्या बायकोचं नाव थर्झा.

या घरात मला दोन जागा होत्या. एक खिडकीत. लग्नानंतर तिसऱ्या हिवाळ्यात जेबेझचं जहाज अकरा दिवस बेपत्ता होतं. थर्झाने गुडघे टेकून नवस बोलला, ‘माझा माणूस परत येऊ दे, मी जन्मभर रोज दिवेलागणीला समुद्राकडच्या खिडकीत माझ्या हाताने दिवा लावीन.’ बाराव्या दिवशी जेबेझ दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगाला माशांचा वास, आणि पहिलं वाक्य, “खायला काय आहे?” त्या संध्याकाळपासून एकतीस वर्षं थर्झाने दिवा चुकवला नाही. त्या दिव्याचं नाव ग्लिम. ती काच पुसायची, वात कापायची आणि लेकीला सांगायची, “मॉर्वेना, सरक बाळा, ग्लिम लावू दे.”

दुसरी जागा जरा आतली. जेबेझ घरी असला, पोर झोपलेली असली, की बायकोकडे बघून म्हणायचा, “तुझे ग्लिम अजून तसेच आहेत गं.” थर्झा म्हणायची, “पुरे झालं.” पण लाजायची. मॉर्वेनाच्या कानावर माझा हा अर्थ कधी पडलाच नाही. बाप वर्षातले दहा महिने समुद्रावर. पोरीच्या लेखी ग्लिम म्हणजे खिडकीतला दिवा, बस.

या एवढ्याशा गोष्टीने पुढे काय घोळ घातला, तेच सांगायचंय.

जेबेझने समुद्र सोडला. मॉर्वेना शहरातल्या इस्पितळात स्वयंपाकघर सांभाळू लागली. घरात दोघंच उरली. आणि एका वसंतात थर्झाला दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसू लागलं.

दिवा लावला की ज्योतीभोवती रंगांचं कडं. तांबडं बाहेर, निळं आत. ती हात जोडून बघत राहायची. शेवटी तिने जेबेझला सांगितलं.

“देवाला पोचला रे माझा नवस. त्याने खूण पाठवली.”

“मला कशी दिसत नाही?”

“तू प्रार्थनेला झोपतोस म्हणून.”

जेबेझ हसला, पण त्याचं लक्ष होतं. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. चहा कपाच्या बाहेर ओतायची.

“अगं, कप डावीकडे आहे.”

“ठाऊक आहे मला. बशीलाही तहान लागते.”

“डॉक्टरला दाखवू या?”

“कशाला? डॉक्टर म्हणेल, राहा इस्पितळात. मग दिवा कोण लावणार? मला काही झालेलं नाही. तू आपला बटाटे सोल.”

जेबेझ घाबरला. त्याची एक खोड होती. भीती वाटली की तो गोष्टीचं खरं नाव घेत नसे. जहाजावर त्याच्या दोस्ताचा डोळा दोराचा फटका बसून गेला, तेव्हापासून ‘डोळा’ हा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. तिथे तो मलाच पुढे करायचा. मी गोड, मी गमतीदार. माझ्याआड लपलं की भीती लहान वाटते. मलाही त्याचा अभिमान वाटायचा. हे आधीच कबूल करतो.

त्याने लेकीला पत्र लिहिलं, जन्मात लिहिलेलं चौथं की पाचवं. ‘मॉर्वेना, आईचा ग्लिम मंद होत चाललाय. रोज थोडा थोडा. ती ऐकत नाही. काहीतरी कर. मी लिहिलंय हे तिला सांगू नकोस. बाबा.’

नऊ दिवसांनी पार्सल आलं. जेबेझने घाईने दोरी तोडली. पेंढ्यात नीट गुंडाळलेली कंदिलाची नवी काच, दोन वाती आणि चिठ्ठी. ‘बाबा, जुनी वात फेकून द्या. ही सरळ कापा, कोपरे गोल ठेवा. बघा कसा लख्ख पेटतो. एवढ्याशा गोष्टीचं काय घाबरायचं!’

थर्झा तर हरखली. काच बोटांनी चाचपत म्हणाली, “लेकीला माझ्या दिव्याची काळजी! बघ जेबेझ, न सांगता कळलं तिला.”

जेबेझने चिठ्ठी खिशात घातली. बाहेर जाऊन जाळ्यांच्या ढिगावर बसला. मला त्या क्षणी स्वतःचा राग आला. मी दोन घरं ठेवली होती आणि निरोप चुकीच्या घरी पोचवला होता. नऊ दिवस! त्याने दुसरं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत पुन्हा मलाच लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, कागद चुरगळला. सरळ शब्द काही उतरेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी थर्झा चुलीपाशी केशर घातलेले पाव काढत होती. एकाएकी डोकं धरून खाली बसली. उजवा डोळा लालबुंद झालेला. उलटी झाली. म्हणाली, “जेबेझ, खिडकी कुठे गेली?”

खिडकी तिच्या समोर होती. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

शेजारणीला तिच्यापाशी बसवून जेबेझ धावत सुटला. सत्तरीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर टोपी नाही. पोस्टात गावातला एकच टेलिफोन. पोस्टाची मिस ट्रेगीर कोणाला तरी तिकिटं देत होती, तिला त्याने हाताने बाजूला सारलं. तिने त्याचा चेहरा बघून नंबर लावून दिला.

“मॉर्वेना! आईचा ग्लिम गेला!”

“ऐकू येतंय बाबा, ओरडू नका. वात नीट बसली नाही का?”

“अगं वात नव्हे!”

“मग काच तडकली? मी दुसरी पाठवते. एवढं काय...”

“काच नव्हे गं! ग्लिम! आईचा! ग्लिम!”

“अहो बाबा, दिवाच ना तो? मी शेगडीवर सूप ठेवून आलेय.”

जेबेझने टेलिफोन दोन्ही हातांनी धरला. मागे चार बायका तिकिटांसाठी उभ्या होत्या. मी त्याच्या जिभेवर बसलो होतो, नेहमीच्या जागी, अडून. मला कळत होतं की मी तिथून हललो नाही तर थर्झाचा उजेड जाणार. पण शब्दाला पाय नसतात. त्याला माणसानेच हलवावं लागतं.

आणि जेबेझने मला हलवलं. अक्षरशः ढकलून दिलं.

“डोळा!” तो गरजला. “तुझ्या आईचा डोळा गं! दिसत नाही तिला! डोळा, डोळा!”

दोस्ताच्या अपघातानंतर पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या तोंडून फुटला. मग पलीकडून मॉर्वेनाचा आवाज, एकदम वेगळा, इस्पितळात रोज ऐकलेले डॉक्टरांचे प्रश्न विचारणारा. “दुखतोय? लाल झालाय? दिव्याभोवती रंग दिसायचे का तिला?”

“महिनाभर.”

“तिला हलवू नका. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठते. गाडी पाठवते. तासाभरात.”

गाडी आली. पण थर्झा पायरीवर अडून बसली. डोळ्यावर ओला फडका, चेहरा पांढरा, तरी हट्ट तोच. “संध्याकाळी दिवा कोण लावील? मी शब्द दिलाय, माझ्या हाताने लावीन म्हणून.”

जेबेझ तिच्यासमोर उकिडवा बसला. “नवस कोणासाठी केला होतास?”

“तुझ्यासाठी.”

“मग त्यात माझा वाटा आहे की नाही? तू मागितलंस आणि आलो मी. एकतीस वर्षं तू फेडलंस. आता थोडं मला फेडू दे.”

“देवाला चालेल?”

“नाही चाललं तर जाब मला विचारू दे. माझी त्याच्याशी जुनी ओळख आहे, त्या अकरा दिवसांतली.”

थर्झाने डोळ्यावरचा फडका सारखा केला. मग हात पुढे केला, त्याने धरून उठवलं. गाडीत बसताना म्हणाली, “काच थंड असताना पूस. आणि पेटवताना शिव्या नकोत.”

त्याच दिवशी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे ती तिथे राहिली. इकडे जेबेझने रोज दिवा लावला. पहिल्या दिवशी बोट भाजलं, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. एकही शिवी गेली नाही, मी साक्षीला होतो.

उजवा डोळा धूसरच राहिला. डावा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर दोन्ही गेले असते. ते रंगांचं कडंही आजाराचंच होतं, हे त्यांनी तिला सांगितलं. थर्झा जरा खट्टू झाली. मग म्हणाली, “असू दे. खूण होतीच ती. मी चुकीची वाचली.”

ती घरी आली त्या दुपारी मॉर्वेनाही रजा घेऊन आली होती. जेवायला तिघं बसली. जेबेझ बायकोच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “आता बरा आहे ना तुझा ग्लि...”

“डोळा म्हण,” थर्झा म्हणाली.

“डोळा.”

“हां. या घरात आजपासून डोळ्याला डोळा म्हणायचं. छातीत दुखलं तर छाती म्हणायचं. ग्लिम खिडकीत शोभतो, तिथेच राहू दे.”

मॉर्वेना आईबापांकडे आळीपाळीने बघत होती. “म्हणजे बाबा तुझ्या डोळ्यांना... इतकी वर्षं? अय्या!”

“जेव गुपचूप,” थर्झा म्हणाली. आणि लाजली.

असं माझं एक घर गेलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण बाईने मला हाकललं नाही, माझी जागा ठरवून दिली. त्यात सुख आहे. आता मी फारसा कोणाच्या तोंडी नसतो. जाड शब्दकोशांत एका ओळीत राहतो, पुढे ‘जुना’ असा शिक्का. माझी तक्रार नाही. उजेडाच्या कुळात जन्मलो, चोरांतून सुटलो, एका नवसाच्या दिव्याला माझं नाव मिळालं. खूप झालं.

एक विनंती मात्र करतो. तुमच्या घरातही माझ्यासारखे गोड, लपवणारे शब्द असतील. लाडात येऊन वापरा, हसण्यात वापरा. पण आपल्या माणसाला काही होत असेल, तर त्यांना बाजूला सारा आणि सरळ नाव घ्या, मोठ्याने घ्या. आम्हाला राग येत नाही. उलट ढकललं गेल्याचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.